आधी पाणी

कप्तानानं आधी पाण्याचा पेला उचलला आणि मी चटकन बायकोकडे पाहिलं. पाकीझेनं पुढे धरलेल्या तबकात दोन्ही होतं, फेस आलेली कॉफी आणि शेजारी पाणी, आमच्याकडे पाहुण्यापुढे नेहमी असतं तसं. कॉफी चांगली होती. युद्धाची चार वर्षं आम्ही भाजलेल्या हरभऱ्याची पूड उकळून तिलाच कॉफी म्हणत होतो. खरी कॉफी पुन्हा दिसली ती ह्या फ्रेंचांच्याच फौजांच्या जहाजांतून, त्यामुळे त्याला ती देताना त्याचीच वस्तू त्याला परत करतोय असं मला वाटत होतं. पण त्याचा हात कप ओलांडून पेल्याकडे गेला, त्यानं मान मागे टाकली आणि एका दमात पाणी संपवलं. पाकीझेच्या भुवया किंचित वर गेल्या. मी डोळ्यांनी तिला नको, नको म्हणेपर्यंत ती तबक खाली ठेवून वळली होती आणि जिन्यावर तिच्या सपातांचा आवाज येत होता. बत्तीस वर्षांच्या संसारात मी एक गोष्ट शिकलो आहे. पाकीझे चुलीकडे निघाली की तिला सुलतानही थांबवू शकत नाही.

ही रीत आमच्याकडे कुणी शिकवत नाही, मुलं बघून बघून शिकतात. पोट भरलेला पाहुणा आधी कॉफीला हात घालतो. भुकेला आधी पाणी पितो. तेवढ्यावर घरातली बाई समजते आणि मुकाट्यानं ताट वाढायला घेते. भूक लागली आहे असं पाहुण्यानं म्हणायचं नाही आणि लागली आहे का असं यजमानानं विचारायचं नाही, दोघांचीही लाज झाकली जाते. कप्तान तेसिएला ह्यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो धक्क्यावरून आमच्या घरापर्यंतच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या भर दुपारी चढून आला होता, कॉलरपर्यंत घामानं भिजला होता आणि त्याला तहान लागली होती, बस्स. नाकाचं टोक उन्हानं सोललेलं, मान जाड, वय तिशीच्या आसपास. एका हातात मोजपट्टी आणि दुसऱ्या हातात वही. युद्ध आम्ही हरलो होतो, मार्चपासून राजधानी परक्या फौजांच्या ताब्यात होती, गेल्या महिन्यात आमच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला कुलूप लागलं होतं, आणि आता माणसांपेक्षा खोल्या जास्त अशी घरं शोधत त्यांचे अधिकारी सामुद्रधुनीच्या काठानं हिंडत होते. मुलगी लग्न होऊन कोन्याला गेल्यापासून आमच्या सहा खोल्यांत माणसं दोन. त्यात मी माजी सभासद, म्हणजे अर्धाच माणूस.

माझं लक्ष मात्र त्याच्या मोजपट्टीकडे नव्हतं, त्याच्या टोपीकडे होतं. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत, जिच्या खिडकीतून सामुद्रधुनी आणि पलीकडच्या टेकडीवरची जांभळी फुललेली झाडं दिसतात, माझं लिहायचं मेज आहे. त्यावर पाकीझेच्या जुन्या शालीत बांधलेलं एक बासन होतं. कप्तानानं आत आल्याबरोबर टोपी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि ती नेमकी त्या बासनावर ठेवली. त्या बासनात माझं पुस्तक होतं. चारशे बारा पानं, फ्रेंच भाषेत, माझ्या हातानं नीट उतरवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मित्र डॉक्टर नेशेत ते घेऊन मार्सेयच्या बोटीत बसणार होता, कारण ते छापायचं तर तिकडेच, इथं परक्यांची कात्री होती आणि आपल्यांचीही. पुस्तकाचा विषय युरोपच्या राजकारणातली नीती. नेशेतला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे फार छोटं पुस्तक असणार." मी तीस वर्षं ते लिहीत होतो, मधून मधून सोडत होतो, पुन्हा धरत होतो. आयुष्यात दुसरं काही माझ्या हातून धड झालं नाही. दोनदा तुरुंगात जाऊन आलो तेही आठ-आठ दिवसच, सांगायलाही लाज वाटावी इतके. हे पुस्तक एवढंच काय ते माझं. आणि त्यावर आता त्यांची टोपी होती.

पुस्तकातला मुख्य मुद्दा साधा आहे, आणि मी तो कुणालाही एका छत्रीवरून समजावून देतो. पॅरिसला असताना माझी छत्री घोडागाडीत राहिली. तीन दिवसांनी हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत गेलो तर गाडीवाल्यानं ती आणून दिलेली होती, तिला चिठ्ठी बांधलेली होती, आणि एका सभ्य म्हाताऱ्यानं माझी सही घेऊन ती माझ्या हातात ठेवली. त्याच युरोपनं आमचा अख्खा त्रिपोली प्रांत नेला, तो कुठल्या कचेरीत जमा केला आहे हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माणूस म्हणून छत्री परत करायची आणि सरकार म्हणून मुलूख खिशात घालायचा. घरातली नीती दाराबाहेरच्या खुंटीवर टांगायची आणि मग जगाच्या कारभाराला निघायचं. माझ्या पुस्तकात अशी छत्तीस प्रकरणं आहेत, तहांच्या तारखांसकट. एका प्रकरणावरून नेशेतचं आणि माझं भांडण झालं. पाच वर्षांपूर्वी आमच्याच सरकारनं अर्मेनियन लोकांना घरादारातून उठवून वाळवंटाकडे हाकललं, आणि मी सभागृहात त्याबद्दल बोलायला उभा राहिलो तेव्हा बाकं बडवून मला खाली बसवलं गेलं. नेशेत म्हणाला, ते कशाला लिहितोस, शत्रूच्या हातात कोलीत. मी म्हणालो, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायला निघालोय, आपलं मुसळ शालीत कसं गुंडाळू? ते प्रकरण मी ठेवलं. त्या दिवशी मला स्वतःविषयी फार बरं वाटलं होतं, इतकं बरं की आपल्या डोळ्यात आणखी काही अडकलेलं नसेल अशी माझी खात्रीच झाली.

खालून कांदा परतल्याचा वास वर आला. कप्तानानं आता कॉफीचा कप उचलला होता आणि तो खिडक्या मोजून वहीत लिहीत होता. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि माझ्या मनात मात्र दुसरीच एक खोली उभी राहिली होती, दुसऱ्याच एका पेल्यासकट. ती खोली मला केव्हाही, कुठेही दिसू शकते. पुस्तकाची पहिली अकरा पानं तिच्यावरच आहेत.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सरकारी शिष्यवृत्तीवर पॅरिसला शिकत होतो आणि कुठल्याशा अर्जावर सही केली म्हणून आमच्याच सरकारनं ती शिष्यवृत्ती बंद केली होती. दोन दिवस पोटात चार भाजलेल्या चेस्टनटांपलीकडे काही गेलं नव्हतं. अशात प्राध्यापक दलोर्म यांनी मला एका रविवारी दुपारी घरी बोलावलं. मानवजातीवर त्यांचे चार खंड प्रसिद्ध झाले होते आणि पाचव्याचं काम चालू होतं. जाड पडदे, खुर्च्यांना झालरी, सात-आठ विद्वान पाहुणे. मादाम दलोर्म गोड स्वभावाच्या, जरा लठ्ठशा, हातात सारखा रुमाल. त्यांनी मला कॉफी दिली आणि मी पाणी मागितलं. पाणी काचेच्या सुरईतून आलं. मी पेला आमच्याकडे उचलतात तसा उचलला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. प्यालो. पेला खाली ठेवला. नजर गालिच्यावर लावली आणि वाट पाहू लागलो. आतून लोण्यात काहीतरी भाजल्याचा वास येत होता, म्हणजे घरात अन्न होतं. मादाम हसल्या आणि त्यांनी पेला पुन्हा भरला. मला वाटलं, इथली रीत दोनदा पिण्याची असेल. मी पुन्हा प्यालो. त्यांनी पुन्हा भरला. तिसरा पेला मी जवळजवळ रडवेला होऊन संपवला, आणि तेव्हा प्राध्यापक शेजाऱ्याकडे झुकून म्हणाले की पूर्वेकडच्या लोकांचं पाण्यावर विलक्षण प्रेम असतं. मग त्यांनी खिशातून वही काढली. मी घरी चालत गेलो तेव्हा माझ्या पोटात पाणी डुचमळत होतं, अगदी मला ऐकू येईल इतकं. दोन वर्षांनी पाचवा खंड निघाला. पान दोनशे बारावर लिहिलं होतं की तुर्क पाणी फार पितो, त्यामुळे त्याची प्रकृती थंड आणि संथ असते, सबब लोकनियुक्त सरकारची दगदग त्याला मानवणार नाही.

हे वाक्य मी किती जणांना वाचून दाखवलं असेल त्याला गणती नाही. लोक हसतात, मीही हसतो. पण पुस्तकात ते हसण्यासाठी नाही. तिथे त्या दुपारपासून मी सुरुवात करतो आणि म्हणतो, बघा, हे असे आहेत. ह्यांच्या घरात मानवजातीवर पाच खंड आहेत आणि समोरचा माणूस उपाशी आहे हे ह्यांना दिसत नाही. तिथून त्रिपोलीपर्यंत सरळ रस्ता आहे. इतकी वर्षं मला तो सरळच वाटत आला होता. आता कप्तानाच्या ओठांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं आणि त्या रस्त्यात काहीतरी पायाला टोचत होतं. काय ते नीट कळत नव्हतं. सपातेत खडा गेला आहे हे कळावं आणि चारचौघांत ती काढून झटकता येऊ नये, तसं काहीसं.

एवढ्यात पाकीझे वर आली. डोक्यावरची ओढणी पुढे ओढलेली, हातात तांब्याची गोल परात. नोकर-माणसं युद्धात पांगली तेव्हापासून परक्या पुरुषापुढे ती स्वतःच येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी काही बोलणार होतो, तर म्हणाली, "ह्या वयात माझ्याकडे कोण बघतंय? बघितलं तर बिचाऱ्याला आपली आजी आठवेल." तिनं परात तिवईवर ठेवली. मसुराचं सूप, कांद्यावर फोडलेली अंडी, दही, मुरलेली काकडी, आणि भात. भात बघून मी चमकलो. घरात तांदूळ उरला होता तो एका भांड्यापुरता, आणि नेशेतला उद्या निरोपाचं जेवण म्हणून तिनं महिनाभर तो राखून ठेवला होता. मी तुर्कीत दबक्या आवाजात म्हटलं, की हानम, हा आपलं घर मोजायला आलाय. ती म्हणाली, "मोजू दे की. आधी जेवेल, मग मोजेल." मी म्हटलं त्याला फक्त तहान लागली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, चमचा पुसून त्याच्यापुढे ठेवला.

कप्तान गोंधळला. दुपारचे चार वाजत होते. तो छावणीत व्यवस्थित जेवून आला होता हे त्याच्या पट्ट्यावरूनच दिसत होतं. तो मला म्हणाला, मस्यू, हे कशासाठी? आता मी काय सांगणार होतो? मी म्हणालो, आमच्याकडची पद्धत आहे. तो पाकीझेकडे बघून मान लववून बसला आणि खाऊ लागला. सूप गेलं. अंडी निम्मी गेली. भाताला हात लावताना त्यानं एक मोठा श्वास घेतला. पाकीझेनं आणखी वाढला. तो म्हणाला पुरे, ती म्हणाली घ्या हो, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, आणि आग्रहाला भाषा लागत नाही. त्याच्या कपाळावर पुन्हा घाम आला. एक-एक घास तो सैनिकासारखा सर करत होता. मला आधी गंमत वाटली, मग त्याची दया आली, आणि मग एकदम लक्षात आलं की मी काय बघतोय. एक भरल्या पोटाचा माणूस भात गिळत होता आणि अडतीस वर्षांपूर्वी एक रिकाम्या पोटाचा माणूस पाणी गिळत होता. दोघंही सभ्य, म्हणून दोघंही तोंडातून शब्द काढत नव्हते. चूक तीच. फक्त ह्या घरात तिचा निकाल भाताच्या बाजूनं लागला होता. तो सुज्ञपणा कुणाचा, त्या चुकीचा की पाकीझेचा, एवढंच मला ठरवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ठरवायचंही नव्हतं. खिडकीतून वारा येत होता, भाताला लोण्याचा वास होता, आणि मला विनाकारण छान वाटत होतं.

जेवण झाल्यावर कप्तानानं हात धुतले, वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. मला प्राध्यापकांची वही आठवली. आता हाही लिहिणार, की तुर्क दुपारी चारला जेवतात, सबब. मी मान वाकडी करून वाचलं. 'वरचा मजला, तीन खोल्या, हवेशीर. जिना अरुंद. वृद्ध जोडपं.' बाकी काही नव्हतं. मग तो उभा राहिला, लाल झाला, आणि म्हणाला की वरचा मजला सोमवारपासून दोन अधिकाऱ्यांसाठी लागेल. हुकूम आहे. त्याला स्वतःला फार वाईट वाटतं. आणि मादामना सांगा की इतक्या मायेनं आपल्याला युद्ध सुरू झाल्यापासून कुणी जेवायला घातलं नव्हतं.

पाकीझेनं विचारलं, "काय म्हणतोय?"

"वरचा मजला घेतोय म्हणतोय. सोमवारपासून."

"आणि भाताचं काय म्हणाला?"

"चांगला होता म्हणाला."

"मग त्याला सांगा, उतरताना तिसरी पायरी सांभाळ. हलतेय ती."

मी सांगितलं. त्यानं बासनावरची टोपी उचलली, डोक्यावर ठेवली, पाकीझेला सलाम केला आणि तिसरी पायरी सांभाळून उतरून गेला. मी खिडकीतून बघत राहिलो. चौऱ्याऐंशी पायऱ्यांवरून तो जड पावलांनी धक्क्याकडे जात होता आणि मध्येच एकदा थांबून त्यानं पट्टा सैल केला.

कबूल करतो, मला आनंद झाला. घराचा अर्धा भाग हातचा गेला होता आणि मी खोलीत येरझारा घालत हात चोळत होतो. इतक्या सुखानं कुणी घर गमावलं नसेल. तीस वर्षं जे मी तारखा आणि तह देऊन सांगत होतो ते माझ्या डोळ्यांपुढे, माझ्याच परातीतून घडलं होतं. माणूस म्हणून तो लाजून लाल झाला आणि सरकार म्हणून त्यानं मजला घेतला. आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची पद्धत आहे, एकदा ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दारावर वाईट बुद्धीनं हात घालायचा नाही. ह्यांचं सरकार जेवतच नाही, मग ते मिठाला जागणार कसं? हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्यानं म्हटलं. बासन सोडलं, कोरा कागद काढला. पुस्तकाचं शेवटचं पान मला मिळालं होतं. पहिल्या पानावर मादाम दलोर्मचं पाणी, शेवटच्या पानावर पाकीझेचा भात. ह्यापेक्षा चोख काय असणार?

पाकीझे परात न्यायला वर आली. मी तिला ओढून बसवलं आणि फ्रेंच वाक्य तुर्कीत करून ऐकवलं. ती ऐकत होती, ऐकता ऐकता परातीतले सांडलेले भाताचे कण बोटानं गोळा करत होती. चांगलं आहे म्हणाली. मग मी म्हटलं, बरं झालं तुला तो भुकेला वाटला, नाहीतर मला हे पान सापडलं नसतं.

"मला कुठे वाटला?" ती म्हणाली. "चढ चढून आलेला माणूस. कान लाल झालेले. पाणीच पिणार ना तो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे काय, आंधळी आहे का मी? आणि परके सगळे पाणी आधीच पितात. गेल्या वर्षी तो पूल मोजणारा आला होता, तोही."

"मग तांदूळ कशाला घातलास? नेशेतसाठी ठेवलेला."

तिनं कण गोळा करायचं थांबवलं. "समजा असता भुकेला, तर?"

तीच पुढे म्हणाली, आणि ती माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत असल्यासारखी म्हणाली, की बेय, तुमची ती पॅरिसची गोष्ट तुम्ही मला शंभरदा सांगितली असेल. मी हसते दर वेळी. पण दर वेळी मला त्या बाईचं वाईट वाटतं. बिचारीनं तीनदा पेला भरला. तिला कुणी सांगितलं असतं, की हा पोरगा उपाशी आहे, तर जन्मभर तिला अन्न गोड लागलं नसतं. तुम्ही सांगितलं का नाहीत? मी म्हटलं, कसं सांगणार? ती म्हणाली, "मग तिनं कसं ओळखायचं?" आणि परात उचलून खाली गेली. तिसरी पायरी करकरली.

मी पुस्तकाची पहिली अकरा पानं पुढे घेऊन बसलो. किती चांगली लिहिली होती ती. प्रत्येक वाक्य घासूनपुसून लखलखीत केलेलं. मादाम दलोर्मचा रुमाल होता, लोण्याचा वास होता, दोनशे बारावं पान होतं. एकच गोष्ट त्यात नव्हती, मला भूक लागली आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही ही. कशी असेल? अडतीस वर्षांत ते माझ्या मनातच आलं नव्हतं. मी आमच्या घरातली खूण त्यांच्या घरात केली, त्यांना ती वाचता आली नाही, आणि मी त्यांच्यावर खटला भरला. प्राध्यापकानं माझ्या तीन पेल्यांवरून एक वाक्य लिहिलं होतं. मी त्याच तीन पेल्यांवरून चारशे पानं लिहिली होती. दोघांनी वह्या काढल्या, दोघांनी निष्कर्ष काढले, आणि तेवढ्यात त्या लठ्ठशा बाईनं आपल्याला जेवढं समजलं तेवढं केलं, पेला भरला. हे लक्षात आलं तेव्हा माझा चेहरा गरम झाला. साठी उलटलेल्या माणसाला लाज वाटते तेव्हा ती तरुणपणीच्या लाजेपेक्षा निराळी असते, तिच्यात लपायला धावणं नसतं. मी बसून राहिलो आणि ती वाटू दिली.

मग सगळं पुस्तकच खोटं का? मी घाबरून पानं उलटत गेलो. छत्री होती. तहांच्या तारखा होत्या. त्रिपोली अजून कुठल्याही कचेरीत परत आलेलं नव्हतं. आमचं मुसळही जागच्या जागी होतं. ते सगळं खरं होतं, माझ्या पोटाशी त्याचा काही संबंध नव्हता. खोटी होती ती सुरुवात. ती युरोपची नव्हती, माझी होती. एका उपाशी पोराचा रुसवा मी एवढी वर्षं जगाच्या नीतीचा पाया म्हणून मिरवला होता. दिवस मावळायच्या आत मी ती अकरा पानं काढली. शेवटचं पान लिहायला घेतलेलं होतं, मिठाचं वाक्य असलेलं, तेही काढलं, जरा जड मनानं. त्या जागी काही लिहावं असं वाटलं, पाकीझेचा 'समजा असता भुकेला, तर?' हा प्रश्न, तो सहा शब्दांचा सुद्धा नाही, पण फ्रेंचमध्ये तो चांगला होईना. तहावर सही करताना, खोल्या मोजताना, पुस्तक लिहिताना, शंका आली की आपण कुठल्या बाजूला कलतो, एवढंच त्यात होतं. मी तो लिहिला नाही. बासन पुन्हा बांधलं.

सकाळी नेशेत आला. कॉफी झाली, राजम्याची उसळ झाली, तांदळाचं पाकीझेनं त्याला सांगून टाकलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. जाताना त्यानं बासन हातात घेऊन तोललं. "रासिह बेय, हलकं झालंय."

मी म्हटलं, थोडं पाणी काढलं.

तो मार्सेयची बोट धरायला होडीतून निघाला तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो. पाण्यावर ऊन होतं. मला वाटलं होतं की पुस्तक गेलं की पोकळ वाटेल, पण तसं काही झालं नाही. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून आलो, दमलो, आणि घरी आल्यावर आधी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला खिळा मारला.

सोमवारी अधिकारी आले. दोघंही तरुण, नम्र, जड बुटांचे. माझं मेज खाली आलं, खाटा खाली आल्या, पुस्तकांचे गठ्ठे स्वयंपाकघराच्या भिंतीशी रचले. खालच्या खोलीतून सामुद्रधुनी दिसत नाही, अंजिराचं झाड दिसतं आणि चुलीपुढची पाकीझे दिसते. डोक्यावर बूट चालत होते. मी अजूनही म्हणेन की हा अन्याय आहे, आणि तो कुठल्या तहात बसत नाही तेही पुराव्यानिशी सांगेन. पण त्या दुपारी मला राग येत नव्हता. पाकीझेनं कॉफी केली आणि तबक माझ्यापुढे धरलं, कप आणि पेला. आम्ही तासाभरापूर्वीच एका ताटात जेवलो होतो. बत्तीस वर्षांत मी कधी केलं नव्हतं ते केलं. कप सोडून पेला उचलला आणि सावकाश, तिला दिसेल असं, सगळं पाणी प्यालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. ओढणी मागे सारली आणि चुलीवर भांडं ठेवलं.